पहिला पेशंट

आमच्याकडे सकाळी पहिला पेशंट पाणी असतं.
पारदर्शक डब्यातलं, झाकण घट्ट.
टेबलावर ठेवायचं, आत सरकवायचं,
पडद्यावर शून्य आलं की यंत्र शहाणं.
एक-दोन इकडेतिकडे चालतं. फार सरकलं तर इंजिनिअरला फोन.
मग चहा, मग धुळ्याचं ऊन,
मग माणसं.

दगडू सुपडू बोरसे, वय एकसष्ट, शिंदखेड्याकडचे.
उजवी कूस धरून बाकावर वाकडे.
व्यवसाय? ‘पाणाड्या’ म्हणाले.
मी ‘शेती’ लिहिलं.
त्यांनी बोट ठेवून खोडायला लावलं.

दोन महिने दुखत होतं.
साधा एक्स-रे दोनदा काढला, दोनदा कोरा.
कुणी गॅस म्हणालं. सून म्हणाली, सोंग.
“मन्हं नावच दगडू शे,
पोटमा दुसरं काय निंघी?”
आणि हसता हसता कळ आली, तशी भिंत धरली.

श्वास रोखा, म्हटलं.
विहिरीत वाकून बघणारा रोखतो, तसा रोखला.

खडा होता. किडनीच्या तोंडाशी, तुरीच्या दाण्याएवढा.
केवढा, कुठे, हे सगळेच विचारतात.
यांनी विचारलं, कसला?
मुरूम, मांजऱ्या, की बिट तुटते तो काळा पाषाण?

नियमात बसत नाही, तरी पडदा त्यांच्याकडे वळवला.
दोन उजेड सोडतो आपण, बाबा, एक हलका, एक जड.
चुन्याचा खडा हलक्याला फार अडवतो,
जडाला त्या मानाने सोडून देतो.
युरिक आम्लाचा दोघांनाही जवळपास सारखंच वागवतो.
त्या फरकावरून यंत्र रंग भरतं,
चुन्याला निळा, याला लाल.
तुमचा लाल आहे.

बराच वेळ लालाकडे बघत राहिले.
“मी बी हाईच काम करस.
एक डाव नारळ, एक डाव निंबनी काडी.
दोन्ही बोलनात का मंग खंदानं.”
किती चुकले, हे मी विचारलं नव्हतं.
अकरा बोअर. गावांच्या नावांसकट सांगितले.

त्यांना वाटे, बोअरचं पाणी भोवलं,
हंड्याला धरतो तो पांढरा थर पोटात बसला.
शिरुडे सर म्हणाले, पाण्यावाचून झालाय हा.
दिवसभर अनवाणी रान तुडवायचं, तळहातावर नारळ,
आणि झरा लागेपर्यंत घोट घ्यायचा नाही,
बापाने घालून दिलेला नेम.
तीस वर्षं. चव्वेचाळीस डिग्रीत.

कापायचा नाही, फोडायचा नाही.
लघवीचा आंबटपणा उतरवणारं औषध,
दिवसाला तीन लिटर पाणी,
पट्टी बुडवून रंग वहीत लिहायचा.
“हाऊ दगड ईरघळी?”
मग नावाचं काय करायचं, असं काहीसं पुटपुटले.

ऑगस्टात आले ते इतक्या लवकर
की डबा अजून टेबलावरच होता.
त्यांच्यात लाल कुठेच नव्हतं.
नेम मोडला म्हणाले. बाटली घेऊन रानात जातो,
लोक हसतात.
मग डब्याबद्दल विचारलं. मी सांगितलं,
हाड वर, हवा खाली, पाणी शून्यावर.
“मंग बठ्ठं पानीपाईनच मोजतस?”
हो.
काउंटरवर नारळ ठेवून गेले.

रात्री साडेनऊला, सगळे गेल्यावर,
मी तो नारळ टेबलावर ठेवला. सरांना सांगू नका.
करवंटीचं कडं, खोबऱ्याची किनार,
आत पाणी, वरची पातळी ओळंब्याने तपासावी इतकी सरळ.
कर्सर नेला मधोमध.
एकवीस.
म्हणजे काहीतरी विरघळलेलं आहे त्यात.

सकाळी फोडला.
अर्धा वॉचमनला दिला.